घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी हे वाचा

असोदा (ता. जळगाव) : मागच्या हप्त्यात संध्याकाळी गावातला एक पोरगा भेटला. कॉलेजात आहे, भजनी मंडळात पेटी वाजवतो, गळाही चांगला. म्हणाला, "काका, गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबला टाकायचंय. एका दुकानवाल्यानं पंधरा हजाराचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगितलंय. कापूस विकला की बाबा पैसे देतो म्हणाले. घेऊ का?"

मी म्हटलं, "थांब भो. आधी एक रुपयाही देऊ नको."

असे प्रश्न आता गावोगाव आहेत. अहिराणी गाणी यूट्यूबवर जोरात चालतात, हळदीत अन् वरातीत वाजतात. त्यामुळे प्रत्येक गावात चार पोरं तरी गाणं करायच्या मागे आहेत. दुसरीकडे घराघरात म्हाताऱ्या आया-आज्या आहेत. त्यांच्याकडे जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, गुलाबाईची गाणी आहेत. ती कुठंच लिहिलेली नाहीत. दोन्ही कामांना सामान एकच लागतं. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, किती पैसे घालावे, कुठं फसगत होते, हे एका जागी सांगतो.

मी काही गाणारा-वाजवणारा नाही. शेती करतो आणि बातम्या पाठवतो. मुलाखती रेकॉर्ड करता करता जे शिकलो ते चुकांमधून शिकलो. सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो.

आत्याचं गाणं

पाचेक वर्षांखाली दिवाळीत आत्या माहेरी आली होती. तिला ओव्या पाठ, गुलाबाईची गाणी पाठ. मी म्हटलं, आत्या म्हण, मी फोनमध्ये घेतो. ती म्हणाली, "आता कोनाले ऐकायचं हे गानं?" तरी पण म्हणाली. चांगली अर्धा-पाऊण तास म्हणाली.

वर पंखा फुल्ल होता. बाजूच्या खोलीत टीव्ही चालू होता. फोन माझ्या हातात, हात हलतोय. रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी हात जोडले. पुढं फोनची मेमरी भरली तेव्हा मूळ फाइल मीच उडवली, ग्रुपवर आहेच म्हणून.

आत्या जाऊन आता दोन वर्षं झाली. हाती राहिली ती ग्रुपवरची दाबलेली फाइल. पंख्याची घरघर आधी ऐकू येते, मागून आत्या. निम्मे शब्द कळत नाहीत. एका ठिकाणी कुकरची शिट्टी मात्र एकदम स्वच्छ आली आहे.

फोन चांगला होता. फोनमध्ये रेकॉर्डरही होता. पंखा बंद करायला आणि फाइल जपायला एक रुपया लागत नव्हता. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

असोद्याला हे जास्त समजायला पाहिजे

आपलं असोदा म्हणजे बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या इथं जन्मल्या, १९५१ साली जळगावला वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात, शेतात काम करता करता त्या गाणी रचायच्या. ती गाणी त्यांचा मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. बहिणाबाई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

दोघा जणांनी कागद-पेन्सिल हातात धरली म्हणून शब्द राहिले. पण कागदावर चाल उतरत नाही. कुठं थांबायचं, कुठं सूर लांबवायचा, हे उतरत नाही. त्या काळी रेकॉर्डिंगचं मशीन शेतकऱ्याच्या घरी कुठून असणार? आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे.

सॉफ्टवेअर नेमकं करतं काय?

नाव मोठं वाटतं, काम सोपं आहे. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चार कामं करतं. आवाज साठवतं. नको तो भाग कापतं. दोन-चार आवाज एकावर एक बसवतं. शेवटी सगळ्याची एक फाइल करून देतं.

यात 'ट्रॅक' हा शब्द सारखा येतो. ट्रॅक म्हणजे शेतातली सरी समजा. गाण्याचा आवाज एका सरीत, पेटी दुसरीत, ढोलकी तिसरीत. प्रत्येक सरीला पाणी कमी-जास्त सोडता येतं तसा प्रत्येक ट्रॅकचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. सगळं एकाच सरीत ओतलं, तर नंतर ढोलकी कमी अन् आवाज जास्त करायला गेलात तरी होणार नाही.

महाग सॉफ्टवेअरमध्ये जास्त मिळतं ते म्हणजे तयार वाद्यांचे आवाज, तयार ठेके, इफेक्ट आणि मोठ्या स्टुडिओच्या कामाच्या सोयी. सुरुवात करणाऱ्याला त्यातलं फार थोडं लागतं. महाग सॉफ्टवेअरनं खराब आवाज चांगला होतो, हा गैरसमज डोक्यातून काढा. वांगं किडकं असलं तर भरीत कितीही चांगल्या तेलात केलं तरी किडकंच.

घेण्याआधी तीन प्रश्न

पहिला : रेकॉर्ड काय करायचंय? एकटा आवाज, भजनी मंडळ, की ठेका टाकून पूर्ण गाणं?

दुसरा : हातात काय आहे? नुसता अँड्रॉइड फोन, आयफोन, की लॅपटॉप? लॅपटॉप जुना असला तरी चालेल.

तिसरा : नेट कसं आहे? घरी रेंज चांगली असेल तर नेटवर चालणारं ॲप चालेल. शेतात, मळ्यात राहत असाल तर नेटशिवाय चालणारंच घ्या.

या तीन उत्तरांवर निवड ठरते.

कोणासाठी कोणतं?

*नुसता फोन आहे, आजीची गाणी जपायची आहेत.* वेगळं काहीच घेऊ नका. फोनमधला रेकॉर्डर पुरेसा आहे. फक्त सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचा दर्जा सगळ्यात वरचा करा. 'वेव्ह' म्हणजे डब्ल्यूएव्ही असा पर्याय दिसला तर तोच निवडा. तुमच्या रेकॉर्डरमध्ये तो नसेल तर प्ले स्टोअरवर हा पर्याय देणारे फुकट रेकॉर्डर आहेत.

*अँड्रॉइड फोन आहे, पूर्ण गाणं करायचंय.* बँडलॅब बघा. ॲप फुकट आहे, ठेके मिळतात, एकावर एक ट्रॅक बसवता येतात. लॅपटॉपवर ब्राउझरमधूनही चालतं. पण खातं उघडावं लागतं, नेट लागतं आणि तुमचं काम त्यांच्या सर्व्हरवर राहतं. काही जादा सोयी पैसे भरल्याशिवाय मिळत नाहीत. सुरुवातीला त्या लागत नाहीत.

*आयफोन किंवा ॲपलचा लॅपटॉप आहे.* गॅरेजबँड फुकट आहे. नवशिक्याला याच्याइतकं सोपं दुसरं नाही. अँड्रॉइडवर आणि विंडोजवर मात्र ते येत नाही. त्या नावाचं काही दिसलं तर ते खोटं समजा.

*लॅपटॉप आहे, आवाज रेकॉर्ड करून साफ करायचाय.* ऑडॅसिटी घ्या. पूर्ण फुकट. २००० सालापासून लोक वापरतात. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. नेट फक्त उतरवून घेताना लागतं. ओव्या, भजन, मुलाखत, कीर्तन, यासाठी हेच. मी स्वतः जुन्या लॅपटॉपवर हेच वापरतो. यात तयार ठेके-वाद्यं नाहीत, ती यातली उणीव.

*लॅपटॉप आहे, वाद्यांसकट पूर्ण गाणं बांधायचंय.* इथं दोन नावं लक्षात ठेवा. एक वेव्हफॉर्म फ्री. फुकट आहे आणि ट्रॅक कितीही घेता येतात. दुसरं रीपर. हे आकारानं लहान, जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. ६० दिवस सगळ्या सोयींसकट वापरून बघता येतं. नंतर घरगुती आणि छोट्या कामासाठी परवाना ६० डॉलरचा, म्हणजे आपले पाच-साडेपाच हजार रुपये आणि वर कर. दोन महिने रोज वापरून बघा. हात बसला आणि काम मिळायला लागलं तरच पैसे भरा. रीपरमध्ये तयार वाद्यांचे आवाज फारसे नाहीत, ते वेगळे मिळवावे लागतात.

एफएल स्टुडिओची गंमत समजून घ्या

आपल्याकडं डीजेवाल्या पोरांच्या तोंडी हेच नाव असतं. सॉफ्टवेअर चांगलंच आहे. ठेका बांधायला झकास. एकदा घेतलं की पुढच्या आवृत्त्या कायम फुकट मिळतात. पण त्याच्या चार-पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात स्वस्त जी 'फ्रूटी' पायरी, तिच्यात माइकवरून आवाज रेकॉर्ड करून गाण्यात बसवायची सोय नाही. त्यासाठी वरची 'प्रोड्यूसर' पायरी घ्यावी लागते आणि तिची किंमत बरीच जास्त आहे. स्वस्त म्हणून खालची घेतली आणि गायला बसलात, तर हात कपाळावर मारायची वेळ येईल.

फुकट चाचणीही आहे, तिला मुदत नाही. पण चाचणीत साठवलेलं काम नंतर पुन्हा उघडून पुढं करता येत नाही. शिकायला ठीक. गाणं अर्धवट सोडून जेवायला उठायची मात्र सोय नाही.

पेनड्राइव्हवरचं 'क्रॅक' नको

"दोनशे रुपयांत सगळी सॉफ्टवेअरं टाकून देतो," असं सांगणारे भेटतात. ते चोरीचं असतं हा एक भाग. दुसरा भाग जास्त धोक्याचा. अशा फाइलींबरोबर व्हायरस येतो. त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचं खातं उघडतो, पीकविम्याचे कागद ठेवतो, पोरांच्या प्रवेशाचे फॉर्म भरतो. दोनशे रुपयांसाठी घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची नाही. फुकटची चांगली सॉफ्टवेअरं असताना तर मुळीच नाही. कोणतंही सॉफ्टवेअर त्याच्या मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवा. गुगलवर सगळ्यात वर 'जाहिरात' लिहिलेलं जे येतं, त्यावर डोळे झाकून बोट ठेवू नका.

मग पैसे घालायचे कुठं?

पैसे घालायचेच असतील तर माइकवर घाला.

शून्य रुपये : फोन आणि शांत खोली. फोन गाणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर-दीड वीत दूर, घडी केलेल्या टॉवेलवर, तोंडाच्या थोडा बाजूला ठेवा. फोनचा माइक खालच्या कडेला असतो, ती कड गाणाऱ्याकडं करा. तिथं आपलं बोट येऊ देऊ नका. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत कोणाचा तरी फोन येतो.

हजार रुपयांच्या आत-बाहेर : कॉलरला लावायचा वायरचा माइक. बातमीदार, शिक्षक, व्हिडिओवाले सगळे हाच वापरतात. आजीच्या पदराला छातीजवळ लावला की काम झालं. मात्र घेताना पीन बघा. पिनेवर तीन काळ्या रेषा असतील तर तो फोनसाठी. दोनच असतील तर फोनमध्ये चालायचा नाही. तुमच्या फोनला गोल पिनेचं भोक नसेल तर टाइप-सी पिनेचाच माइक मागा. दुकानातच फोनला लावून, रेकॉर्ड करून, ऐकून घ्या. जोडणी करणाऱ्या काही स्वस्त कनेक्टरमधून गाणी ऐकू येतात पण माइक चालत नाही.

आठ-दहा हजार आणि पुढं : लॅपटॉपला यूएसबीनं जोडायचा उभा माइक, किंवा 'ऑडिओ इंटरफेस' नावाचा छोटा डबा आणि त्याला वेगळा माइक. इंटरफेसमुळं माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये स्वच्छ जातो आणि पेटी-कीबोर्डही जोडता येतो. बऱ्याच इंटरफेसबरोबर एखाद्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरची छोटी आवृत्ती फुकट मिळते. म्हणजे आज सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि उद्या इंटरफेस आणला, तर एकाच गोष्टीला दोनदा पैसे जातात. आधी इंटरफेसच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा.

ब्लूटूथचा इअरफोन रेकॉर्डिंगला वापरू नका. त्याचा माइक बारीक, आणि आवाज कानात उशिरा येतो. ठेका ऐकत गायचं असेल तर वायरचाच इअरफोन लावा. नाहीतर ठेका बाहेर वाजून माइकमध्ये शिरतो, मग तो काढता येत नाही.

कापसाच्या खोलीतला स्टुडिओ

शहरातल्या स्टुडिओत भिंतींना फोम लावतात. कारण मोकळ्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि घुमतो. आपल्या स्लॅबच्या घरात फरशी, भिंत, छत सगळं टणक. आवाज फार घुमतो.

पण आपल्याकडं एक गोष्ट आहे जी स्टुडिओवाल्यांकडं नाही. भाव वाढेल म्हणून डिसेंबर-जानेवारीत निम्म्या घरांत एक खोली कापसानं भरलेली असते. त्या खोलीत जाऊन एकदा टाळी वाजवा. टाळी जागच्या जागी विरते. मऊ आणि जाड वस्तू आवाज पिऊन घेते, म्हणून. मी एका भजनी बुवांचा आवाज तसा घेतला, एकदम स्वच्छ आला. बुवा नंतर अंग खाजवत बाहेर आले, तेवढी तयारी ठेवा.

कापूस नसेल तर गोधड्या. गाणाऱ्याच्या मागं आणि दोन्ही बाजूंना दोरीवर जाड गोधड्या टाका, खाली सतरंजी अंथरा. खर्च शून्य.

बाकी आवाजांची यादी करा. पंखा, फ्रिज, टीव्ही, भिंतीवरचं घड्याळ, कुलर. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, त्यानं 'गूं' असा आवाज येतो. गावात रेकॉर्डिंगला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे लाइट गेलेली वेळ. पिठाची गिरणी बंद, टीव्ही बंद, पंखे बंद. लोडशेडिंगचा एवढाच एक फायदा. मात्र फोन-लॅपटॉप आधी चार्ज पाहिजे. भुसावळ-जळगाव लाइनच्या जवळ राहणाऱ्यांना गाडी जाईपर्यंत थांबावं लागेल, त्याला इलाज नाही.

ऑडॅसिटीत पहिलं गाणं : आठ पायऱ्या

१. माइक जोडा, मग सॉफ्टवेअर उघडा. वर माइकचं नाव निवडा. एका माइकला 'मोनो' पुरे.

२. गाणाऱ्याला सगळ्यात मोठ्या आवाजाची ओळ म्हणायला सांगा आणि वरची पट्टी बघा. पट्टी उणे १२ ते उणे ६ च्या मध्ये नाचली पाहिजे. लाल झाली तर माइकची पातळी कमी करा. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

३. लाल गोल बटण दाबा. पहिले दहा सेकंद कोणी बोलायचं नाही, हलायचं नाही. हे दहा सेकंद पुढं कामाला येतात.

४. आता गाऊ द्या. चुकलं तर थांबवू नका. ओळ पुन्हा म्हणायला सांगा, चुकलेली नंतर कापता येते. म्हाताऱ्या माणसाला सारखं थांबवलं तर तो गाणं विसरतो.

५. झाल्यावर ते पहिले शांत दहा सेकंद माउसनं निवडा. इफेक्टमध्ये 'नॉइज रिडक्शन' आहे, तिथं 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा. सॉफ्टवेअरला कळतं की खोलीतला कचरा आवाज कोणता.

६. मग सगळं रेकॉर्डिंग निवडून पुन्हा तिथंच जा आणि ओके करा. घरघर कमी होते. जास्त ओढू नका, नाहीतर माणूस विहिरीतून बोलल्यासारखा येतो.

७. खोकला, खुर्चीचा आवाज, मोकळी जागा कापा.

८. 'सेव्ह प्रोजेक्ट' केल्यावर जी फाइल होते ती फक्त ऑडॅसिटीत उघडते, फोनवर वाजत नाही. वाजणारी फाइल पाहिजे तर 'एक्सपोर्ट' करावी लागते. एक वेव्ह फाइल जपायला, एक एमपी३ पाठवायला. नवीन माणूस हमखास इथंच अडतो.

फाइल जपणं हे अर्धं काम

वेव्ह फाइल मोठी असते. एका माइकची एक मिनिटाची साधारण पाच एमबी. म्हणजे तासाभराची सव्वातीनशे एमबीच्या आसपास. एमपी३ केली की ती पाचवा हिस्सा किंवा त्याहून लहान होते, पण त्यासाठी आवाजातला काही भाग कायमचा काढून टाकलेला असतो. म्हणून मूळ वेव्ह उडवायची नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे आहे तशी जाते.

एक फाइल दोन ठिकाणी ठेवा. एक लॅपटॉपवर किंवा फोनच्या कार्डवर, दुसरी पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर. पेनड्राइव्ह दुसऱ्या घरी ठेवला तर जास्त बरं.

सॉफ्टवेअरवाल्यांवरही फार विसंबू नका. सोनार नावाचं एक नावाजलेलं, महागडं सॉफ्टवेअर होतं. २०१७ च्या नोव्हेंबरात मालक कंपनीनं ते बंद करायचं ठरवलं. पैसे मोजून घेतलेले लोक अडकले. २०१८ साली सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि चक्क फुकट वाटलं. म्हणजे काल हजारोंचं होतं ते उद्या बंद पडू शकतं आणि परवा फुकटही मिळू शकतं. आपलं गाणं मात्र वेव्ह फाइलमध्ये असेल तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतं.

फाइलला नाव द्या. 'ऑडिओ ००१७' असं ठेवलं तर दोन वर्षांनी आपल्यालाच कळत नाही. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, तारीख, गाण्याचा प्रकार एवढं लिहा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, काही ऐकताही येतात. तिथं गाण्याबरोबर गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव दिलेलं आहे. उघडून बघा. खेड्यातल्या बाईचं नाव गाण्याला कसं लावायचं, ते तिथं शिकण्यासारखं आहे.

विचारून टाका

आजी घरात मोकळेपणानं म्हणते, म्हणजे तिनं यूट्यूबला टाकायची परवानगी दिली असं होत नाही. ओव्यांमध्ये सासर-माहेरची दुखणी असतात, नावं असतात. आधी विचारा, आणि तिचं 'हो' रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

दुसरं, दुसऱ्याच्या गाण्याचा ठेका किंवा संगीत उचलून आपलं गाणं त्यावर टाकू नका. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं राहतो. यूट्यूब असं संगीत आपोआप ओळखतं. मग गाणं तरी उतरतं, नाहीतर त्याचे पैसे मूळ मालकाला जातात. पारंपरिक ओवी कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही, पण तिचं कोणीतरी केलेलं रेकॉर्डिंग त्याच्या मालकीचं असतं. हा फरक लक्षात ठेवा.

पोराचं काय झालं?

त्यानं पंधरा हजार वाचवले. ऑडॅसिटी आणि रीपरची चाचणी, दोन्ही उतरवून घेतलं. हजारभराचा माइक आणला. पहिलं गाणं करायला बसला तर घरात पाहुणे, मग म्हटला आधी सराव म्हणून आजीचंच घेतो. दार लावलं, पंखा बंद केला, गोधड्या टांगल्या. आजी म्हणाली, "एवढा उकाडा कायले करतो रे?" नातवानं समजावलं, तेव्हा बसली.

त्या दिवशी संध्याकाळी त्यानं मला ती फाइल ऐकवली. सात ओव्या होत्या. मधे आजी एका ओळीला अडते, हसते, "थांब, याद करू दे" म्हणते आणि मग पुढची ओळ उचलते. मी त्याला म्हटलं, ते हसणं कापू नको.

तुमच्या घरात असं कोणी असेल तर सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं यात महिना घालवू नका. हातातला फोन आहे. आज लाइट गेली की पंखा आपोआप बंदच होणार आहे. बाजूला जाऊन बसा, दहा सेकंद गप्प राहा आणि म्हणायला सांगा.